पोटाचं नका विचारू, भीतीचं विचारा

पत्र: माझी मुलगी दहा वर्षांची, पाचवीत आहे. अभ्यासात चांगली, स्वभावाने अगदी शांत. जूनपासून दर सोमवारी सकाळी तिचं बेंबीपाशी पोट दुखतं, हात गार पडतात. दोनदा उलटी झाली. सोमवारी पहिल्या तासाला गणिताची तोंडी असते. बाई एकेकाला फळ्यापाशी उभं करून पाढे आणि तोंडी हिशोब विचारतात. डॉक्टरांनी रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं केलं. सोनोग्राफीत बारीक गाठी आहेत, पण काळजीचं काही नाही म्हणाले. जंताचं औषध देऊन झालं. सासूबाई बेंबीला हिंग लावतात आणि वर 'नाटकं आहेत' असंही म्हणतात. मला कळत नाही ते हे की ही मुलगी कधी रडत नाही, चिडत नाही. विचारलं तर "काही नाही गं, मी ठीक आहे." तिचा सात वर्षांचा भाऊ जरा मनाविरुद्ध झालं की घर डोक्यावर घेतो, पण त्याचं पोट कधी दुखत नाही. जी एवढी समजूतदार, तिलाच का त्रास? मी नोकरीसाठी आठला घर सोडते. त्याआधी दहादा विचारते, नंतर व्हॉट्सॲपवर सासूबाईंना विचारत राहते. घरी ठेवलं की तासाभरात पोट थांबतं. ह्यांचं म्हणणं, मन घट्ट करायला शिकवा. आता बाईंनी तिचं नाव वक्तृत्व स्पर्धेत घातलंय. काढून घेऊ का?
— एक आई, कराड

उत्तर:

ताई,

आधी सासूबाईंचा मुद्दा निकालात काढू, कारण ती शंका थोडी तुमच्याही मनात आहे असं पत्रावरून वाटतं. ही नाटकं नाहीत. पोट खरंच दुखतं आणि हात खरंच गार पडतात. भीती वाटली की कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून तळहात गार. जठराचं काम मंदावतं, म्हणून मळमळ. मोठ्या आतड्याची हालचाल मात्र वाढते, म्हणून तर परीक्षेच्या सकाळी घराघरांत संडासाच्या फेऱ्या चालतात. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतःचं जाळं असतं, कोट्यवधी पेशींचं, आणि ते मेंदूशी सतत जोडलेलं असतं. काही मुलांत ते जरा जास्तच हळवं असतं. दुसऱ्याला जाणवणारही नाही एवढ्या हालचालीनेही त्यांना कळ येते. सोनोग्राफीत अवयव दिसतात, कळ दिसत नाही. आणि त्या बारीक गाठी धडधाकट मुलांच्या पोटातही सर्रास सापडतात. डॉक्टर काळजी नको म्हणालेत ना, मग त्या गाठींवर गूगल करत रात्री जागवू नका.

१९५८ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलचे बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ले यांनी एक हजार शाळकरी मुलांची पाहणी केली. दर दहांतल्या साधारण एका मुलाचं पोट असंच वरचेवर दुखत होतं आणि त्यांतल्या बहुतेकांत बोट ठेवता येईल असा आजार नव्हता. त्यांचा एक ठोकताळा बालरोगतज्ज्ञ अजून सांगतात: दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितका आजाराचा शोध जास्त घ्यायचा. तुमच्या लेकीचं बेंबीपाशीच दुखतं आणि तेही वार बघून दुखतं. तरीही काही गोष्टी दिसल्या तर माझं हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. वजन घटणं किंवा उंची खुंटणं, शौचातून रक्त, हिरवी उलटी किंवा न थांबणाऱ्या उलट्या, ताप, लघवीला जळजळ, झोपेतून उठवणारी कळ, उजवीकडे खाली सरकलेलं दुखणं, ही ती लक्षणं. ही ताणाच्या खात्यात टाकायची नसतात.

आता तुमचा खरा प्रश्न. जी रडत नाही, चिडत नाही, तिलाच का?

कारण ती शांत नाहीये, ताई. ती गप्प आहे.

स्टॅनफर्डचे जेम्स ग्रॉस आणि बर्कलीचे रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना किळस येईल अशी चित्रफीत दाखवली. अर्ध्यांना सांगितलं, नुसतं बघा. उरलेल्यांना सांगितलं, बघा, पण समोरच्याला कळता कामा नये की तुम्हाला काही वाटतंय. दुसऱ्या गटाच्या चेहऱ्यांवर खरोखरच कमी दिसलं. पण त्यांच्या बोटांतल्या रक्तवाहिन्या पहिल्या गटापेक्षा जास्त आवळल्या, तळव्यांचा घाम वाढला आणि आतली किळस तर तसूभरही कमी झाली नाही. म्हणजे चेहरा आवरायची मेहनत अंगाने केली आणि हाती काही लागलं नाही. हे प्रयोग मोठ्या माणसांवरचे आहेत, ते दहा वर्षांच्या मुलीला जसेच्या तसे लावायचे नाहीत, हे मान्य. पण पुढे याच ग्रॉस यांच्या कामात आणखी एक गोष्ट दिसली, ती तुमच्या उपयोगाची आहे. भावना दाबत असताना समोर जे बोललं जातं ते कमी लक्षात राहतं. चेहरा सांभाळायला डोकं खर्ची पडतं. रविवारी रात्री धडाधड म्हणून दाखवलेला सतराचा पाढा सोमवारी फळ्यापाशी सतरा चोकवरच अडकत असेल, तर ते निव्वळ 'पाठ नव्हता' म्हणून असेलच असं नाही.

तिच्या शांतपणाला आजवर बक्षीसच मिळत आलंय हेही बघा. घरी धाकटा आरडाओरडा करतो, तेव्हा 'ताई बघ कशी शहाणी' हे वाक्य किती वेळा पडतं? शाळेतही तिचं नाव स्पर्धेसाठी पुढे आलं ते बहुधा ती कुरकुर करत नाही म्हणून. एवढ्या कौतुकानंतर "आई, मला भीती वाटते" म्हणायची चोरी होते. पोट दुखतं म्हणायची मात्र चोरी नसते. पोट दुखलं की हिंग मिळतो.

धाकट्याचं उदाहरण मात्र तिच्यापुढे ठेवू नका. ओरडून मोकळं झालं की ताण निघून जातो, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे, पण ओरडणं हा काही उपाय नव्हे. त्याचं पोट दुखत नाही कारण तो सात वर्षांचा आहे, त्याची घडण वेगळी आहे आणि त्याला सोमवारी फळ्यापाशी कुणी उभं करत नाही. हार्वर्डचे जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना नवे आवाज, नवी खेळणी, नवे वास दिले, तेव्हा साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून कळवळून रडलं. यांतली बरीच पुढे बुजरी, सावध मुलं झाली. तुमची लेक कदाचित त्यांतली असेल. तो दोष नाही आणि तुमच्या हातून काही चुकलं म्हणूनही ते झालेलं नाही.

सोमवारच्या सकाळी अंगात काय घडतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण वेळेचं गणित कळलं की अर्धे उपाय आपोआप सुचतात. भीतीला अंग दोन हप्त्यांत उत्तर देतं. पहिला हप्ता ॲड्रेनलिन या संप्रेरकाचा. काही सेकंदांत छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते. दुसरा कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचा. मेंदूतून निरोप निघतो, तो मूत्रपिंडावरच्या ग्रंथींपर्यंत जातो आणि कॉर्टिसॉल शिगेला पोहोचायला ताण सुरू झाल्यापासून वीस-तीस मिनिटं लागतात. ते लाळेत मोजता येतं. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३ साली हे मोजण्यासाठी एक चाचणी तयार झाली आणि १९९७ मध्ये तिची मुलांसाठीची आवृत्ती आली. तिच्यात काय असतं माहितेय? अनोळखी मोठ्या माणसांपुढे उभं राहून अर्धवट गोष्ट पुरी करायची आणि मग तोंडी वजाबाक्या करायच्या. जगभरचे संशोधक मुलांना मुद्दाम ताण द्यायचा असेल तेव्हा जे करतात, ते तुमच्या लेकीच्या वर्गात दर सोमवारी फुकट होतं.

म्हणजे दहा वाजता चप्पल घालताना सुरू झालेली भीती साडेदहाच्या सुमाराला भरात येते, बरोबर तासाच्या वेळी. त्या अर्ध्या तासात कुणी समजूत घालायला, 'यात घाबरण्यासारखं काय आहे' विचारायला गेलं तर ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही. बोलायचं ते शनिवारी. सोमवारी फक्त ठरलेलं करायचं.

आता मुलं ताणाला तोंड कशी देतात त्याकडे येते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रूस कॉम्पस यांनी ढोबळमानाने तीन वाटा सांगितल्यात. एक, परिस्थिती बदलायची: मदत मागायची, तयारी करायची, मनातलं बोलायचं. दोन, परिस्थिती बदलण्यासारखी नसेल तर स्वतःला तिच्याशी जुळवून घ्यायचं: ती वेगळ्या नजरेने बघायची, मन दुसरीकडे रमवायचं, 'असतं असं' म्हणायचं. तीन, पाठ फिरवायची: नाकारायचं, टाळायचं, 'काही नाही गं' म्हणायचं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अशाच वरचेवर पोट दुखणाऱ्या मुलांकडे पाहिलं, तेव्हा दुसरी वाट धरणाऱ्या मुलांत चिंता आणि अंगदुखी-पोटदुखीच्या तक्रारी कमी होत्या, पाठ फिरवणाऱ्यांत जास्त. यातलं कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे अशा पाहणीतून ठामपणे सांगता येत नाही. ज्याचं मुळातच जास्त दुखतं तो पळेलच. पण 'मन घट्ट कर' हा तुमच्या यजमानांचा सल्ला तिसऱ्या वाटेला जातो एवढं त्यांना जरूर सांगा. त्यांचा हेतू दुसऱ्या वाटेचा आहे, मुलीला ऐकू येतं ते तिसरीचं.

आणि आता जरा अवघड वाटेल असं, तुमच्याबद्दल. घरातून निघण्याआधी दहादा 'दुखतंय का?' विचारता, नंतर फोनवर विचारता. व्हँडरबिल्ट विद्यापीठात लिन वॉकर यांनी २००६ मध्ये केलेला एक प्रयोग मी माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक आईला सांगते. मुलांना पोट तुडुंब भरेपर्यंत पाणी प्यायला दिलं, म्हणजे जरा अस्वस्थ वाटेलच. त्यात पोटदुखीवालीही मुलं होती आणि ठणठणीतही. मग पालक आत आले. काहींना सांगितलं होतं, विचारपूस करा, सहानुभूती दाखवा. काहींना सांगितलं होतं, विषय बदला, दुसऱ्या गोष्टींत रमवा. आणि काहींना काहीच सांगितलं नव्हतं. या शेवटच्या गटाच्या तुलनेत विचारपूस झालेल्या मुलांच्या तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या, रमवलेल्या मुलांच्या निम्म्यावर आल्या. ठणठणीत मुलांचंही तेच. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पोटदुखीवाल्या मुलांच्या पालकांना वाटत होतं की विषय बदलणं मुलाला जास्त बाधेल. मुलांना उलट वाटलं. आईवडिलांनी रमवलं, त्याने बरं वाटलं असं त्यांनी सांगितलं.

म्हणून तुम्हाला एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पोटाबद्दल विचारायचं नाही, भीतीबद्दल विचारायचं. सध्या घरात नेमकं उलटं चाललंय. पोटाची चौकशी तिघं करतात, भीतीची कुणीच नाही. तिने आपणहून सांगितलं की पोट दुखतंय, तर झिडकारू नका. "हो, सोमवारचं दुखतं तसं. थांबेल ते," म्हणायचं आणि डब्यात काय भरायचं ते विचारायचं. सासूबाईंचा हिंगही बंद करायची गरज नाही. फक्त हिंग लावताना गप्पा कालच्या मालिकेच्या होऊ देत. त्यांना हे काम दिलंत तर 'नाटकं' म्हणायला त्यांनाही सवड उरणार नाही.

भीतीची चौकशी कशी करायची? समोरासमोर बसवून 'काय होतं तुला सांग' असं नको. गप्प मुलं त्याने आणखी मिटतात. भाजी निवडताना, गाडीवर मागे बसलेली असताना, नजरेला नजर नसते तेव्हा बोलतात. तिला पर्याय द्या: "फळ्यापाशी जाताना वाईट वाटतं, की आपला नंबर यायची वाट बघताना?" माझा अंदाज, वाट बघतानाच. आणि ती सांगेल तेव्हा लगेच उपाय सांगू नका. "अगं बाई, मग तर धडधडणारच," एवढंच.

वाट बघणं हेच मूळ निघालं तर पहिली वाट वापरा, परिस्थिती बदला. बाईंना भेटून विनंती करा की दोन महिने हिला पहिल्या दोघांत घ्या, किंवा पहिले काही सोमवार जागेवर बसूनच विचारा. बहुतेक शिक्षक ऐकतात. मात्र भेटलात की एक गोष्ट नीट पारखून घ्या. चुकलेल्या मुलाला तिथे काय मिळतं? वर्गाला हसायला लावणं, उभं करून ठेवणं, घालूनपाडून बोलणं असा प्रकार असेल, तर प्रश्न मुलीच्या सहनशक्तीचा राहत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या, २००९ च्या, कलम १७ ने शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही शाळेत निषिद्ध आहे. अशा वर्गात मुलीला दीर्घ श्वास शिकवून पाठवणं मला पटत नाही. आधी मुख्याध्यापकांशी बोला.

तुमचं आठला घर सोडणं मनाला लावून घेऊ नका. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात २०१० मध्ये सात ते बारा वर्षांच्या ६१ मुलींना ती ट्रिअरची चाचणी दिली. नंतर काहींना आईने जवळ घेतलं, काहींशी आई फक्त फोनवर बोलली, काहींना आई भेटलीच नाही. फोनवर आईचा आवाज ऐकलेल्या मुलींचं कॉर्टिसॉलही जवळ घेतलेल्या मुलींसारखं उतरलं. दोन वर्षांनी त्याच गटाने लिहून पाठवलेला संदेश तपासला. त्याचा उपयोग झाला नाही, आई न भेटल्यासारखंच. म्हणजे व्हॉट्सॲप बंद, फोन सुरू. पावणेदहाला एक फोन, सासूबाईंना नव्हे, तिला, दोन मिनिटांचा आणि पोट वगळून. आणि संध्याकाळी ती घरी आली की दुसरा. प्रयोगातला फोन ताणानंतरचा होता, त्यामुळे हा संध्याकाळचा चुकवू नका. आणि हे आत्ताच करा. मिनेसोटा विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात भाषणाची तयारी आईवडिलांसोबत केली तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या मुलांचं कॉर्टिसॉल वाढलंच नाही, पंधरा-सोळाच्या मुलांवर मात्र पालकांच्या सोबतीचा तसा परिणाम दिसला नाही. तुमची लेक दहाची आहे.

श्वासाबद्दल थोडक्यात. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती उतरते, हे मज्जातंतूंचं काम आहे, श्रद्धेचं नाही. बशीतला चहा निववताना घालतो तशी हळू, लांब फुंकर, पाच-सहा वेळा. पण ही सवय शनिवारी-रविवारी, मजेत असताना लावा. पहिल्यांदाच सोमवारी करायला सांगितलं तर तीही परीक्षाच होते. आणि "शांत हो" म्हणू नका. धडधडणारं अंग हुकमाने शांत होत नाही. त्यापेक्षा "धडधडतंय म्हणजे अंग तयारीला लागलंय" हे वाक्य चालतं. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत भाषणाआधी 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मला हुरूप आलाय' म्हणणाऱ्यांचं भाषण सरस ठरलं.

घरी ठेवण्याबद्दल मी जरा कडक आहे. ताप, उलटी किंवा वर सांगितलेलं काही असेल तर घरी. नाहीतर शाळा, उशिरा का होईना. घरी ठेवलं की तासाभरात पोट थांबतं असं तुम्हीच लिहिलंय. तो तास अंगाला शिकवतो की शाळा चुकवली की सुटका आहे, आणि पुढच्या सोमवारी कळ जरा आधी येते. कधी घरी ठेवावंच लागलं तर टीव्ही नाही, मोबाइल नाही, लाड नाहीत, रागही नाही. अंथरूण, पेज आणि कंटाळा.

हे सगळं नेटाने दीड-दोन महिने करूनही शाळा बुडतच राहिली, झोप-जेवण बिघडलं, तर बालमानसतज्ज्ञांकडे जा. अशा पोटदुखीवर विचार आणि वर्तन बदलणारी उपचारपद्धत, जिला सीबीटी म्हणतात, चांगली लागू पडते आणि त्यात पालकांनाही शिकवतात. जवळपास कुणी नसेल तर सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. जगणं नकोसं झाल्यासारखं ती काही बोलली, तर मात्र दोन महिने काय, दोन दिवसही थांबू नका.

राहिली वक्तृत्व स्पर्धा. नाव तुम्ही काढू नका आणि ठेवूही नका, तिला विचारा. पण 'करायचंय का?' असं विचारलंत तर ती 'हो' म्हणेल, तिला नाही म्हणायची सवय नाही. तीन गोष्टींतली एक निवडायला सांगा: पूर्ण भाषण, बाईंना सांगून नुसतं सूत्रसंचालनाचं एखादं वाक्य, किंवा यंदा श्रोत्यांत बसणं. तिसरं निवडलं तर चेहरा पाडू नका. फक्त त्याच्या जागी एक लहान काम द्या, किराणा दुकानात स्वतः सामान मागणं, मामाच्या घरी एक कविता म्हणणं, असलं. पहिलं निवडलं तर आधी आजीपुढे, मग शेजारच्यांपुढे, मग रिकाम्या वर्गात बाईंपुढे म्हणू दे. आणि नाव काढायचंच ठरलं तर आठवडाभर आधी काढा, स्पर्धेच्या सकाळी पोट दुखायला लागल्यावर काढू नका.